कळीचा माल, कापूरहोळ फाटा

दिवाळी उलटून पंधरवडा झाला होता आणि भोर-वेल्ह्याकडे भाताची झोडणी चालू होती, तेव्हा मला तीन दिवस तिकडे नेण्यात आलं. ‘मी गेले’ असं म्हणवत नाही. पुण्यातल्या एका सल्लागार संस्थेनं सरकारसाठी एका कायद्याचा मसुदा तयार केला होता आणि त्याचा मराठी अनुवाद मी केला होता. तो आता लोकांना समजावून सांगायचा आणि त्यांचं मत घ्यायचं, असं वरून आलं होतं. संस्थेचे तज्ज्ञ डॉ. केळुसकर यांना गावाकडचं मराठी समजत नव्हतं, म्हणून मला सोबत घेतलं. माझं वय अठ्ठावन्न, गुडघे त्याहून थोडे मोठे. त्यांच्या लेखी मी म्हणजे गाडीत मागच्या सीटवर ठेवलेला शब्दकोश.

मसुदा कशाबद्दल होता ते सांगते. मोबाईल, सौरदिवे, फवारणीचे बॅटरी पंप यांच्या पोटात लिथियम, कोबाल्ट अशी खनिजं असतात. ती आपल्याकडे पुरेशी नाहीत, बाहेरून आणावी लागतात. तेव्हा कंपन्यांना वस्तूंची रचनाच अशी करायला लावायची, की वस्तू जास्त टिकावी आणि मोडीत निघाल्यावर आतलं खनिज परत हाती यावं. कल्पना वाईट नाही. उलट चांगलीच आहे. पण चांगली कल्पना एखाद्या समितीच्या हाती सापडली की तिचं काय होतं, हे मला कापूरहोळला जाईपर्यंत कळलं नव्हतं.

या खनिजांना मराठीत काय म्हणायचं यावर संस्थेत दोन बैठका झाल्या होत्या. ‘अतिमहत्त्वाचा’ की ‘संवेदनशील’ की ‘निर्णायक’? शेवटी माझा ‘कळीचा कच्चा माल’ मंजूर झाला आणि मी उगीच दोन दिवस खूश होते. त्याच मसुद्यातल्या सातव्या कलमावर मात्र कुणी दोन मिनिटंही बोललं नव्हतं. मीसुद्धा नाही.

कापूरहोळ

पहिला मुक्काम फाट्यावर. भोरला वळणारा रस्ता, ढाबे, पंक्चरवाले, एसटीची वाट बघत उभी माणसं. केळुसकरांनी आधी भेळ खाल्ली, मग भेळेच्या कागदाकडे तिरस्कारानं बघत हाताला जंतुनाशक चोळलं. ‘असंघटित दुरुस्ती क्षेत्राशी संवाद’ हा त्या दिवसाचा विषय. असंघटित दुरुस्ती क्षेत्र ढाब्याच्या मागच्या गाळ्यात बसलं होतं आणि त्याचं नाव शोभा रणपिसे होतं.

शोभाताई पंचेचाळिशीच्या. कपाळावर चढवलेला चष्मा, टेबलावर मुठीएवढी बुद्धमूर्ती, तिच्या शेजारी तारा जोडायला डाग देण्याची सळई आणि भोवती उघडलेले पंप, दिवे, बॅटऱ्या. नवरा फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. तो गेल्यावर दुकान बंद करायचं का, असं दिरानं विचारलं, तेव्हा त्यांनी शटर वर केलं आणि बसल्या.

“शिकवलं कुणी?” मी विचारलं.

“पंपांनी,” त्या म्हणाल्या. “उघडायचं, बघायचं, तसंच लावायचं. लागलं न्हाई तर परत उघडायचं.”

केळुसकरांनी टॅबलेट काढला. त्यात त्यांची प्रश्नावली होती. पहिला प्रश्न: ‘उत्पादनाच्या जीवनचक्राच्या अंतिम टप्प्याबाबत आपण किती जागरूक आहात? एक ते पाच.’ हे वाक्य माझंच होतं. घरी वाचताना बरं वाटलं होतं. गाळ्यात मोठ्यानं वाचल्यावर माझेच कान तापले.

शोभाताईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “म्याडम, म्हंजी दिवा मेल्यावर काय करता, आसंच ना?”

“हो.”

“मग आसं इचारा की.”

त्यांनी एक सौरदिवा दाखवला. कंपनीनं दोन्ही बाजू चिकटवून टाकलेल्या, एकही स्क्रू नाही. शोभाताईंनी पात्यानं तो कापला. आत पाच सेल. चार ठणठणीत, एक बसलेला. तो बदलला, कापलेल्या कडेला दोन पट्ट्या लावून चार स्क्रू मारले. “आता फुडच्या येळी ज्यांचा दिवा त्यांची ती उघडतील,” त्या म्हणाल्या. बसलेला सेल त्यांनी झाकणाच्या डब्यात टाकला. डबा भरला की भंगारवाला पुण्याला नेतो.

तज्ज्ञांनी वर्षभर मसुद्यात जे मांडलं होतं, ते या बाईनं चहा यायच्या आत करून दाखवलं होतं. केळुसकर म्हणाले, “हे फार धोकादायक आहे.”

ते अगदीच चूक नव्हते. लिथियमचा सेल पेट घेतो. शोभाताईंनी न विचारता पदर बाजूला करून मनगटापासून कोपरापर्यंतचा भाजल्याचा डाग दाखवला. “हे म्या शिकत होते तवाचं. आता वाळूची बादली हाय, हातमोजं हायती. तुमी शिकवायला मानूस धाडा, म्या बसते शिकायला. मला काय त्याची लाज न्हाई.”

केळुसकर म्हणाले, “प्रशिक्षणाची तरतूद नाही. सातवं कलम वाचून दाखवा.”

मी वाचलं. ‘उत्पादनातील बॅटरी केवळ उत्पादकाच्या अधिकृत केंद्रातच उघडता येईल. अन्य व्यक्तीने ती उघडल्यास ते कृत्य दंडनीय ठरेल.’

“अधिकृत केंद्र कुठं हाय?”

“पुण्यात,” केळुसकर म्हणाले. “टप्प्याटप्प्यानं वाढवणार आहेत.”

“आन् अन्य व्यक्ती म्हंजी म्या.”

शोभाताईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुढचा पंप उघडायला घेतला. घरी या वाक्याचा अनुवाद करताना मी गॅलरीत बसले होते आणि ‘दंडनीय’ लिहावं की ‘शिक्षापात्र’, एवढाच विचार मला पडला होता.

वेल्हे

दुसऱ्या दिवशी ‘अंतिम ग्राहक’. वेल्ह्याच्या पुढे डांबर संपलं तिथं गाडी सोडून तासभर चढ. झोडलेल्या भाताचा वास, वाळत आलेली कारवी, डावीकडे तोरण्याची भली थोरली पाठ. केळुसकरांनी या मोहिमेसाठी नवे बूट घेतले होते. बूट जलरोधक होते, पण केळुसकर नव्हते. पहिल्याच ओढ्यात ते घसरून कमरेपर्यंत बसले आणि टॅबलेटची पिशवी त्यांच्याखाली आली. बाहेर काढून पुसला, तर चालू होता. मी मनातल्या मनात थोडी निराश झाले, हे कबूल करते.

वरच्या वाडीत धनगरांची सात-आठ घरं. ठकूबाई ढेबे या सत्तरीच्या बाईंनी आम्हाला ओसरीत घोंगडं अंथरून दिलं आणि काही विचारायच्या आत नाचणीची भाकरी, लसणाचा ठेचा आणि ताक समोर ठेवलं. आमच्या सोसायटीत पाहुण्याला आधी ‘पाणी साधं की फिल्टरचं’ असं विचारतात, नंतर तो जेवून आला असल्याची खात्री करून घेतात. इथं तुम्ही कोण, हेसुद्धा जेवणानंतर विचारतात.

वाडीला वीज आहे असं कागदोपत्री आहे. खांब आहेत. पावसाळ्यात तारा पडल्या की कधी महिना, कधी दोन महिने अंधार. म्हणून काही वर्षांपूर्वी कुठल्याशा योजनेतून प्रत्येक घराला सौरदिवे मिळाले होते. ठकूबाईंच्या कुडावर ते ओळीनं टांगलेले होते, सगळे मेलेले. लोकांनी आपापले दिवे त्यांच्याकडे आणून ठेवले होते.

“टाकून का नाही दिले?” केळुसकरांनी विचारलं आणि मी ते सांगितलं.

“टाकायचं कुठं बाई? खाली ओढ्यात? गुरं पानी पितात तितं.” त्यांनी मागच्या गुरांच्या वाड्याकडे हात केला. “दिवा व्हता तवर वाघरू वाड्यापाशी येत नव्हतं. बंद पडला त्याच आठवड्यात दोन करडं गेली. मंग माझा ल्योक दोन दिवं घिऊन गेला कापूरहोळच्या शोभाकडं. ती दोन जळत्यात. बाकीची पन न्यायची व्हती, तवर भात कापनी आली.”

वाडा बघायला त्यांनी आम्हाला मागं नेलं. शेळ्या, चार म्हशी, काट्यांचं कुंपण आणि दाराशी शोभाताईंचा चार स्क्रूवाला दिवा. कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला दिवा नव्हता. तिथले काटे दाबले गेले होते.

केळुसकरांनी प्रश्नावली सुरू केली. ‘नवीन उत्पादन खरेदी करताना आपण दुरुस्तीयोग्यता निर्देशांक पाहता का?’ मी हा प्रश्न विचारायला नकार दिला. त्यांना वाटलं, मी दमले. त्यांनी ‘नाही’ या चौकटीवर स्वतःच बोट ठेवलं, आणि टॅबलेटचा पडदा काळा झाला.

बटण दाबलं. पुन्हा दाबलं. चार्जिंगची छोटी बॅटरी लावली. काही नाही. हळूहळू पडद्याची एक कड वर उचलली जाऊ लागली, जसं आत काहीतरी फुगतंय. ओढ्याचं पाणी आत पोचलं असावं. सगळ्या तालुक्यांच्या मुलाखती त्या टॅबलेटमध्ये होत्या, दुसरी प्रत कुठंच नव्हती. “रेंज नव्हती, वर चढवणार कशी?” असं ते मलाच रागावून म्हणाले.

ठकूबाईंनी वाकून पाहिलं. “फुगलंय की हे. घरात ठिवू नगा.” आणि त्यांनी पाटी भरून राख आणली, टॅबलेट तीत ठेवला. इतका महागडा टॅबलेट चुलीच्या राखेत बसलेला पाहून मला जे वाटलं, ते सभ्य माणसानं लिहू नये.

पुन्हा कापूरहोळ

कंपनीच्या पुण्यातल्या अधिकृत केंद्राला केळुसकरांनी उतरताना रेंज मिळेल तिथून फोन केला. तिकडचं उत्तर मला ऐकू आलं: या मॉडेलची बॅटरी बदलत नाहीत, नवीन यंत्र घ्या, आतली माहिती मिळणार नाही.

उन्हं कलायच्या आत आम्ही शोभाताईंच्या गाळ्यात होतो. केळुसकरांनी पाटी पुढे केली. ते काही बोलले नाहीत, कदाचित शब्द सापडत नव्हते. अशा वेळी मी मदत करणं अपेक्षित होतं. मी केली नाही.

“हे उगडायचं व्हय?” शोभाताईंनी विचारलं.

“हो. फक्त माहिती काढायची आहे.”

“पन म्या अन्य व्यक्ती हाय.”

“अजून कायदा झालेला नाही, बाई.”

“व्हनार हाय ना पन? तुमीच करताय.” त्यांनी वही ओढली, कोरं पान फाडून केळुसकरांपुढं ठेवलं. “लिवून द्या. माज्या यंत्राची ब्याटरी शोभा रणपिसे यांनी माज्या सांगन्यावरनं काढली. सही करा. मंग उगडते.”

“याची गरज आहे का?”

“तुमाला न्हाई. मला हाय.”

केळुसकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर ढाब्याकडे पाहत होते. त्यांनी लिहिलं, सही केली.

मग शोभाताई कामाला लागल्या. गरम हवेच्या यंत्रानं कडा मऊ केल्या. जुन्या एटीएम कार्डानं पडदा हळूहळू सोडवला. आतली बॅटरी पापडासारखी फुगलेली. शोभाताईंनी हातमोजे घातले, आम्हाला मागं सरायला सांगितलं, बॅटरीच्या तारा सोडवल्या आणि ती वाळूच्या बादलीत पुरली. पडद्याखालचं पाणी टिपलं, ब्रशनं साफ केलं, गरम हवेनं वाळवलं. बाहेरून दोन तारा जोडून वीज दिली. टॅबलेट जिवंत झाला. “आता हालवू नगा. काय घ्याचं ते घ्या.”

केळुसकरांनी सगळी माहिती लॅपटॉपवर उतरवली. नंतर ते मनापासून म्हणाले, “थँक यू.” हा त्यांचा तीन दिवसांतला एकमेव अनुवाद न लागणारा शब्द.

शोभाताईंनी कागदाची घडी करून बुद्धमूर्तीखाली ठेवली. “उद्या भोरला सभा हाय ना तुमची? म्या येते.”

भोर

सकाळी मी एकटीच भाटघरच्या धरणापर्यंत जाऊन आले. जुनं दगडी काम, पलीकडे निवांत पसरलेलं पाणी. इतक्या वर्षांपूर्वी बांधलेलं अजून टिकून आहे आणि काल दुपारी एक टॅबलेट ओढ्यातल्या आंघोळीनं गेला. खाणावळीत इंद्रायणीचा भात आणि पिठलं खाल्लं आणि सभागृहात गेले.

सभेला पन्नासेक माणसं. दारात हजेरीचा कागद. त्यावर लोक सह्या करत होते, म्हणून मीही पेन घेतलं, आणि वरची बारीक अक्षरांतली ओळ वाचली: ‘सदर मसुद्यास आमचा पाठिंबा आहे.’ ही ओळ मी अनुवादलेली नव्हती. ती कुणीतरी आपल्या मराठीत परस्पर छापली होती, आणि सांगायला वाईट वाटतं, पण माझ्यापेक्षा सोपी लिहिली होती.

मी ती मोठ्यानं वाचली. एवढंच केलं. शोभाताई मागेच होत्या. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, ओळीवर आडवी रेघ मारली, खाली सही केली. त्यांच्यामागच्यांनी रेघ आहे ना, एवढं बघून सह्या केल्या. आधी सही केलेले दोघं परत येऊन रेघ बघून गेले.

केळुसकर तासभर बोलले. जगात कोबाल्ट कुठं सापडतं, चुंबकं कशाची बनतात, रचनेतूनच शाश्वतता कशी साधायची. मग त्यांनी प्रश्न मागवले. शोभाताई उठल्या आणि त्यांनी घडी उघडून कागद वाचला, सहीसकट.

सभागृहात कुजबुज झाली. केळुसकर म्हणाले, “ती आणीबाणीची परिस्थिती होती.”

तेव्हा मागून ठकूबाई उठल्या. त्या अंधारातच वाडी उतरून पहाटेच्या जीपनं आल्या होत्या, सगळे मेलेले दिवे पोत्यात घालून. “सायब, तुमची एका दिसाची आनीबानी. आमची रोजचीच हाय. हिनं दिवा उगडला म्हून माजी करडं जित्ती हायती. तुमी हिला तुरुंगात घालनार, तर वाड्यावर तुमी येऊन बसनार का?”

लोक हसले. ठकूबाई हसल्या नाहीत. त्यांना उत्तर हवं होतं. त्या उभ्याच राहिल्या.

केळुसकर माझ्याकडे वळले. “त्यांना सांगा, त्यांच्या सूचनेची नोंद घेतली जाईल.”

“त्यांना कळलं,” मी म्हटलं. “त्या उत्तराची वाट बघतायत.”

उत्तर आलं नाही. चहा आला.

परत आल्यावर

सभेचा मराठी वृत्तांत मी लिहावा असं ठरलं होतं. मी सगळं जसंच्या तसं लिहिलं: रेघ, कागद, ठकूबाईंचा प्रश्न. तो परत आला, लाल शाईत एका ओळीसह: ‘काही शंका उपस्थित झाल्या व त्यांचे निरसन करण्यात आले, इतपतच ठेवावे.’ मी ठेवलं नाही. संस्थेनं मला पुन्हा काम दिलं नाही. तीस वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं मराठीत आणत होते. त्यातली किती कुणाच्या गळ्याभोवती पडली, ते मी कधी बघायला गेले नव्हते. काम गेल्याचं दुःख होण्याऐवजी मला याची लाज वाटली.

शोभाताईंनी आपली हरकत टपालानं पाठवली, वाडीतल्या लोकांच्या सह्या-अंगठ्यांसह. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: हरकती विहित नमुन्यात व इंग्रजीत असाव्यात. भोर-वेल्ह्याच्या लोकांसाठी मराठीत आणलेल्या मसुद्यावर मराठीत हरकत चालत नव्हती. त्यांनी ते पत्र मला मोबाईलवर पाठवलं. खाली लिहिलं होतं, ‘म्याडम हे करा.’

मी केलं. आयुष्यात पहिल्यांदा उलट्या दिशेनं. ‘तुमी शिकवायला मानूस धाडा, म्या बसते शिकायला’ या वाक्यावर सगळी दुपार गेली. हरकत वेळेत पोचली.

अंतिम मसुदा महिन्याभरापूर्वी आला. सातवं कलम आहेच. फक्त त्यातला ‘केवळ’ गेला आहे, ‘दंडनीय’ गेला आहे, आणि ‘अथवा स्थानिक प्रशिक्षित व्यक्तीकडे’ असे चार शब्द आले आहेत. प्रशिक्षण कोण देणार, कधी, कुठं, याबद्दल पान कोरं. यात कुणाची कृपा आहे, माझ्या इंग्रजीची की कुणा कंटाळलेल्या अधिकाऱ्याची, देव जाणे.

हे सांगायला मी एसटीनं कापूरहोळला गेले. फोनवर सांगता आलं असतं. शोभाताईंनी ऐकलं, मान हलवली. “म्हंजी आता म्या गुन्हेगार न्हाई.”

“नाही.”

“आन् शिकवायला?”

“त्याचं काही लिहिलेलं नाही.”

“मंग बरुबर हाय,” त्या म्हणाल्या. “माझं म्याच बघते.” आणि त्यांनी माझ्यासाठी स्टूल सरकवलं.

टेबलावर सारोळ्याच्या कुणा शेतकऱ्याचं झटका मशीन उघडं पडलं होतं. रानडुकरं येऊ नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत झटका सोडतं, ते. मागच्या झाकणावर इंग्रजीत काहीतरी कोरलेलं होतं.

“हे काय लिवलंय, म्याडम? लई यंत्रांवर असतं. कंदी कुनाला इचारलं न्हाई.”

मी झाकण उजेडात धरलं. “आत दुरुस्त करण्याजोगं काहीही नाही, असं लिहिलंय.”

शोभाताईंनी चिमट्यानं आतून एक काळा पडलेला, बोटाच्या पेराएवढा फ्यूज काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि नवा बसवायला वाकल्या.

“मंग ह्यो काय हाय?”